आयर्लंडचे लोणी आणि अनुदानाचे भांडण

आयर्लंड म्हटले की आपल्याकडे होमरूल आठवते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली आपल्या संघाला दिलेले नाव तिकडूनच आले होते, आणि पार्नेल, रेडमंड, डिव्हॅलेरा ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीतील वृत्तपत्रवाचकांना तोंडपाठ असत. परंतु त्याच आयर्लंडात, त्याच वर्षांत, दुसरेही एक भांडण पेटले होते. ते लोण्यावरून होते, खताच्या पोत्यांवरून होते, आणि वर्षाकाठी मिळणाऱ्या काही हजार पौंडांच्या सरकारी अनुदानावरून होते. राज्याराज्यांच्या इतिहासात त्याला फारशी जागा मिळत नाही. आम्हांला मात्र ते भांडण होमरूलइतकेच महत्त्वाचे वाटते, म्हणून आज त्याची हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

श्रोत्यांनी आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा करू नये. साखर कारखान्यांतील कामगारांच्या संघटनेचे काम करता करता, रात्री वाचनालयातून पुस्तके आणून जे वाचले तेवढीच आमची विद्या. संचालकांच्या समोर वाटाघाटीला बसण्याचे प्रसंग आमच्यावर पुष्कळ आले. ताळेबंद पुढ्यात आला की त्यात सरकारी भाग, सरकारी हमी, सरकारी अनुदान असे शब्द दिसत. आमची स्वतःची संघटना मात्र सभासदांच्या वर्गणीवर चालते. पावतीपुस्तक घेऊन दर महिन्याला फाटकाशी उभे राहावे लागते. तेव्हा दुसऱ्याच्या पैशावर उभी राहिलेली संस्था कोणत्या अटीवर आपल्या पायांवर उभी राहू शकते, हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही.

आयर्लंडची स्थिती थोडक्यात सांगतो. १८४५ नंतरच्या दुष्काळाने देश रिकामा केला होता. उरलेला शेतकरी जमीनदाराचे खंड भरीत होता आणि खेड्यातील दुकानदाराचे कर्ज फेडीत होता. या दुकानदाराला तिकडे 'गोम्बीन' म्हणत. तो बियाणे उधार देई, खत उधार देई, चहासाखर उधार देई. आणि अंडी, लोणी, डुकरे आपल्याच भावाने घेई. दारूचे दुकान बहुधा त्याचेच असे, आणि पुढे जिल्ह्याच्या राजकारणातही त्याचेच वजन असे. आपल्याकडील सावकार आणि अडत्या एकाच गादीवर बसवला म्हणजे गोम्बीन तयार होतो. शिवाय तो गावातलाच, त्याच धर्माचा, बहुधा राष्ट्रीय पक्षाचा. जमीनदाराविरुद्ध गर्जना करणे सोपे होते; गोम्बीनविरुद्ध बोलायला दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानात जावे लागे.

इकडे १८८० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या बाजारात आयरिश लोण्याची पत उतरू लागली. साय काढण्याचे नवे फिरते यंत्र निघाले होते. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी १८८२ साली पहिली सहकारी क्रीमरी काढली आणि पाहता पाहता साऱ्या देशभर तशा क्रीमऱ्या उभ्या केल्या. क्रीमरी म्हणजे गावोगावचे दूध एकत्र करून, यंत्राने साय काढून, एकाच प्रतीचे लोणी करणारा कारखाना. आयरिश शेतकऱ्याची बायको घरच्या रवीने लोणी काढी. प्रत्येक घराचे लोणी निराळे, वास निराळा, खारटपणा निराळा. इंग्रज दुकानदार डेन्मार्कचे पिंप डोळे मिटून घेई आणि आयर्लंडचे नाक लावून घेई. आयर्लंडातही भांडवलवाल्यांनी क्रीमऱ्या काढायला सुरुवात केली, आणि दुधाचा भाव ठरवणे त्यांच्या हाती जाणार हे उघड दिसू लागले.

अशा वेळी होरेस प्लंकेट हा गृहस्थ पुढे आला. हा लॉर्ड डनसनी यांचा मुलगा, म्हणजे जमीनदार घराण्यातला. धर्माने प्रॉटेस्टंट, राजकारणाने ब्रिटनशी एकी राखू पाहणारा. छातीच्या विकारामुळे दहा वर्षे अमेरिकेत वायोमिंगच्या कुरणांवर गुरे पाळून १८८९ साली तो परत आला. शेतकऱ्यांनी ज्याचे तोंडही पाहू नये अशी सारी लक्षणे त्याच्यात होती. त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की पन्नास सभा घेतल्यावर पहिली संस्था निघाली. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. पन्नास सभा! आमच्या धंद्यात पाच सभांत युनियन उभी राहिली नाही तर कार्यकर्ते तोंड फिरवतात.

त्याचा सहकारी आर. ए. अँडरसन याने एक प्रसंग सांगितला आहे. रॅथकील नावाच्या गावी क्रीमरीची सभा चालू असता गावचा वकील उठला आणि म्हणाला की हे राष्ट्रीय वृत्तीचे गाव आहे, येथे लोणी काढायचे तर ते राष्ट्रीय तत्त्वांवर काढले पाहिजे, नाहीतर मुळीच काढू नये! सभा तेथेच संपली. लोण्याला राष्ट्रीय तत्त्व कसे लावायचे ते वकीलसाहेबांनी सांगितले नाही. पण हसण्यासारखे यात फार नाही. परकी राजवटीखाली राहणारा माणूस प्रत्येक नव्या गोष्टीकडे 'ही कोणी पाठवली' या नजरेने पाहतो, आणि प्लंकेटला पाहून ती शंका येणे अगदी स्वाभाविक होते.

तरीही क्रीमऱ्या निघाल्या. बहुधा गाईमागे एक पौंडाचा भाग, उरलेली रक्कम बँकेकडून, आणि त्या कर्जाला समितीतील शेतकऱ्यांची वैयक्तिक हमी, अशी त्यांची बांधणी असे. ही वैयक्तिक हमी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे. साय काढलेले दूध वासरांसाठी आणि डुकरांसाठी सभासदाला परत मिळे, आणि लोणी विकल्यावर दुधाचे पैसे. १८९४ च्या सुमारास अशा तीसेक संस्था झाल्या, तेव्हा त्या वर्षीच्या एप्रिलात डब्लिनला आयरिश अ‍ॅग्रिकल्चरल ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली. नाव लांबलचक आहे. आपण तिला नुसते 'संघटन संस्था' म्हणू.

ही संस्था स्वतः एक शेरही लोणी विकत नव्हती. व्यापारासाठी निराळी घाऊक संस्था १८९७ साली निघाली. संघटन संस्थेचे काम एवढेच: गावात माणूस पाठवायचा, सभा घ्यायची, नमुन्याचे नियम द्यायचे, हिशेब ठेवायला शिकवायचे, हिशेब तपासायचे, यंत्र कोणते घ्यावे ते सांगायचे, आणि भांडण झाले तर मध्ये पडायचे. नफा वाटायचा नाही, राजकारणात पडायचे नाही. फादर टॉम फिन्ले हा जेझुइट धर्मगुरू तिचा उपाध्यक्ष होता, त्यामुळे कॅथॉलिक खेड्यांची दारे उघडली. १८९७ साली जॉर्ज रसेल हा तरुण कवी, ज्याला लोक 'ए. ई.' या टोपणनावाने ओळखत, संघटक म्हणून लागला. कापडाच्या दुकानातील नोकरी सोडून तो सायकलवरून पश्चिमेकडच्या दरिद्री गावांत पतपेढ्या काढीत हिंडला. पुढे त्याने चळवळीचे साप्ताहिक चालवले आणि कार्यालयाच्या भिंतींवर चित्रेही काढली. कवी आणि हिशेबतपासनीस यांची एका घरात इतकी चांगली जमलेली जोडी आम्ही तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता मुद्दा असा की या संघटकांचा पगार कोणी द्यायचा? ज्या गावी संस्था अजून निघालेली नाही ते गाव देणार नाही. न जन्मलेले मूल सुईणीची मजुरी कोठून देणार? आणि संस्था निघाली, नफ्यात आली, की तिला सुईणीची आठवण राहत नाही. संघटन संस्थेच्या साऱ्या आयुष्यभर हीच तक्रार चालली होती की संलग्न संस्था वर्गणी देत नाहीत, दिली तर अपुरी देतात. पहिली वर्षे श्रीमंत हितचिंतकांच्या देणग्यांवर निघाली. प्लंकेटने स्वतःचा पैसाही भरपूर ओतला. स्वावलंबनाचा उपदेश करणारी संस्था स्वतः परावलंबी, हा विरोध तिच्या शत्रूंनी पहिल्याच दिवशी हेरला होता.

१८९९ च्या कायद्याने आयर्लंडसाठी शेतकी व तांत्रिक शिक्षणाचे खाते निर्माण झाले आणि १९०० पासून त्याचा कारभार प्लंकेटकडे आला. या खात्याची घडण विलक्षण होती. त्याच्यापाशी ठरावीक सालीना रक्कम होती, आणि जिल्हा कौन्सिलांनी बहुतांश सभासद निवडलेले एक शेतकी मंडळ त्याच्या डोक्यावर होते. परकी सत्तेखालील देशात एवढी लोकसत्ता त्या काळी थोडी नव्हे. या खात्याच्या पैशातून संघटन संस्थेला अनुदान मिळू लागले. संस्था झपाट्याने वाढल्या. १९०४ च्या आगेमागे त्यांची संख्या आठशेवर गेली होती आणि सभासद ऐंशी हजारांच्या घरात होते.

आणि येथूनच भांडण सुरू झाले. दुकानदार म्हणू लागले, आम्हीही कर भरतो. त्या कराच्या पैशातून आमच्याच शेजारी खताचे दुकान काढायला माणसे पाठवता हा कोणता न्याय? आम्हांला या युक्तिवादाची टिंगल करावीशी वाटत नाही. वरवर पाहता त्यात तथ्य आहे. परंतु त्यांनी ही गोष्ट सोडून दिली की अनुदान खताला मिळत नव्हते, दुकानालाही मिळत नव्हते. ते हिशेब शिकवणाऱ्याच्या पगाराला मिळत होते. खताचे पोते सभासदाला स्वतःच्या पैशानेच घ्यावे लागे. सरकारी शाळेत अंकगणित शिकून एखाद्याने दुकानदाराची चूक काढली, तर शाळा बंद करा म्हणून दुकानदाराला मागता येईल काय? गोम्बीनला खरी भीती पोत्याची नव्हती. वजनकाटा दुसऱ्याच्याही घरी असण्याची होती.

या वादाचे जिवंत उदाहरण म्हणजे डोनेगल परगण्यातला पॅट्रिक गॅलाघर. नऊ-दहा वर्षांचा असताना मजुरांच्या बाजारात त्याला सालदार म्हणून उभे केले होते. मोठा झाल्यावर तो स्कॉटलंडला बटाटे काढायला आणि खाणीत काम करायला गेला. तेथे खाणकामगारांचे सहकारी दुकान होते. जितकी खरेदी करावी तितका परतावा मिळतो हे त्याने आणि त्याच्या पत्नीने स्वतःच्या वहीत पाहिले. गावी परतल्यावर त्याला खताचे भाव डोळ्यांत खुपू लागले. संघटन संस्थेच्या मदतीने १९०६ साली डंग्लो येथे त्याने टेम्पलक्रोन सहकारी संस्था काढली. पहिले सभासद मोजकेच होते. व्यापाऱ्यांनी माल रोखला, कोर्टकचेऱ्या केल्या. पण डब्लिनच्या घाऊक संस्थेकडून माल येतच राहिला. लोक त्याला 'पॅडी द कोप' म्हणू लागले, कारण सहकाराला इंग्रजीत जो शब्द आहे तो त्या बाजूच्या लोकांना नीट उच्चारता येत नसे. आम्हां कामगारांना या हकीकतीत एक गोष्ट फार आवडते. खेड्यातल्या सहकाराचे बी खाणीतल्या कामगाराच्या खिशातून गेले.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. इंग्लंडातील कामगारांच्या ग्राहक-सहकाराने, म्हणजे मँचेस्टरच्या मोठ्या घाऊक संस्थेने, आयर्लंडात स्वतःच्या क्रीमऱ्या काढल्या होत्या. तिला लोणी स्वस्त हवे होते. आयरिश शेतकऱ्याला दुधाचा भाव हवा होता. दोन्हीकडे सहकारच, आणि दोघांचे जमेना. कामगार आणि शेतकरी यांचे हित एक आहे असे आम्ही व्यासपीठावरून पुष्कळदा सांगतो. ते आपोआप एक होत नाही, एवढे या क्रीमऱ्यांवरून समजून घ्यावे.

प्लंकेट राजकारणात कोणाचाच राहिला नव्हता. खात्याचा चिटणीस म्हणून त्याने टी. पी. गिल या पार्नेलपक्षीय गृहस्थाला घेतले, तेव्हा त्याचे स्वतःचे कडवे पक्षबांधव उलटले आणि १९०० साली त्याची पार्लमेंटातील जागा गेली. १९०४ साली त्याने पुस्तक लिहिले आणि त्यात आयरिश स्वभावावर व धर्मसंस्थेवर काही स्पष्ट विधाने केली. त्याबरोबर दुसरी बाजूही दुखावली. माणूस सज्जन होता, पण गप्प बसण्याची कला त्याला साधली नव्हती. १९०७ साली लिबरल सरकारने त्याला काढून टी. डब्ल्यू. रसेल यास आणले. हा रसेल निराळा आणि कवी रसेल निराळा. एक अनुदान बंद करणारा आणि दुसरा ते बंद झाल्याबद्दल साप्ताहिकातून आसूड ओढणारा.

शेतकी मंडळाने अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करीत बंद करावे असे ठरवले. तेवढ्यात १९०८ च्या जानेवारीत प्लंकेटच्या वर्तुळातील एका गृहस्थाने अमेरिकेत लिहिलेले एक खासगी पत्र होमरूल पक्षाचे पुढारी रेडमंड यांनी वर्तमानपत्रात छापून आणले. सहकाराची चळवळ वाढली की पक्षाचे वजन घटेल, असा त्यातून अर्थ निघत होता. मग काय विचारता! राजकारणापासून अलिप्त म्हणवणाऱ्या संस्थेचे पितळ उघडे पडले असा गिल्ला झाला, आणि अनुदानाचा उरलेला धागाही तुटला. जॉन डिलन हा रेडमंडचा सहकारी सहकाराचा सर्वांत कडवा विरोधक होता. त्याच्या घराण्याचे बॅलाघडेरीन गावी मोठे दुकान होते, ही गोष्ट त्या काळी सर्वांना माहीत होती. एवढ्यावरून त्याचा विरोध केवळ गल्ल्यासाठी होता असे आम्ही म्हणणार नाही. जमिनीच्या लढ्यात त्याने तुरुंगवास सोसला होता, आणि लोण्याच्या भावावर समाधान मानणारा शेतकरी स्वराज्य विसरेल ही त्याची भीती मनापासूनची असावी. पण शेतकऱ्याला स्वराज्यासाठी गरीब ठेवावे, हे तत्त्व मान्य करणे आम्हांला जड जाते.

आता पाहण्यासारखे असे की अनुदान तुटल्यावर काय पडले आणि काय उभे राहिले.

क्रीमऱ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पायात शेतकऱ्याचा भाग होता, समितीच्या सह्या होत्या, आणि दर महिन्याला दुधाचा हिशेब होता. डब्लिनहून माणूस आला नाही तरी गाय दूध देतच होती. पतपेढ्यांची गोष्ट निराळी झाली. १८९५ साली डोनरेल येथे पहिली पेढी निघाली. जर्मनीतील रायफायझनच्या धर्तीवर, अमर्याद जबाबदारीची. १९०८ च्या सुमारास अशा पेढ्या अडीचशेवर गेल्या. परंतु रायफायझनची पेढी गावच्या ठेवींवर चालते, आणि आयर्लंडच्या पेढ्या पुष्कळ अंशी सरकारी खात्याच्या व दुष्काळी भागांच्या मंडळाच्या स्वस्त कर्जावर चालत होत्या. पैसा वरून आला म्हणजे तो कोणाचाच नसतो. शेजाऱ्याची ठेव बुडत असेल तर माणूस थकबाकीदाराच्या दारात जाऊन बसतो. सरकारचे बुडत असेल तर तो नमस्कार करून पुढे जातो. हिशेबतपासणी ढिली, वसुली त्याहून ढिली. १९१४ साली शेतीकर्जाविषयीच्या सरकारी समितीने हे सारे दोष नोंदवले, तोवर या पेढ्या वाळू लागल्याच होत्या.

एकच देश, तेच संघटक, तीच वर्षे. शिकवण्यासाठी आलेला पैसा अंगी लागला आणि गल्ल्यात आलेला पैसा लागला नाही.

ही गोष्ट आपल्या घराजवळची आहे. १९०४ च्या कायद्याने आपल्याकडेही रायफायझनचीच पतपेढी आणली, आणि तीही वरून. पन्नास वर्षांनी, १९५१-५२ साली ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा शेकडा तीनच्या आसपास निघाला. त्यावर गोरवाला समितीने उपाय सुचवला तो सरकारी भागीदारीचा. आपल्या साखर कारखान्यांना त्या धोरणाचा मोठा आधार मिळाला, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी १९५० साली चाक फिरवले, तेव्हा शेतकऱ्यांकडून भाग गोळा करायला दारोदार हिंडणे त्यांना चुकले नव्हते. पुढच्या काही कारखान्यांत हे हिंडणे चुकले. त्यातल्या एकाचे नाव न घेता सांगतो: कामगारांचे अकरा महिन्यांचे पगार थकले असताना संचालकांपैकी एकानेही आम्हांला 'आमचे पैसे बुडतील' असे म्हटले नाही. 'सरकार काय करते ते पाहू' एवढेच सर्वजण म्हणत होते.

शिक्षणाची बाजूही आपल्याकडे होती. १९१८ साली मुंबईत सहकारी इन्स्टिट्यूट निघाली. प्रचार करावा, चिटणीस तयार करावेत, हे तिचे काम. तिलाही सरकारी अनुदान होते. पुढे १९६० च्या महाराष्ट्राच्या सहकारी कायद्यात संस्थांनी शिक्षणनिधीसाठी दरसाल वर्गणी द्यावी अशी तरतूद झाली. म्हणजे आयर्लंडात जे विनवण्या करून साधले नाही ते येथे कलम घालून साधायचे ठरले. कलमाने वर्गणी येते खरी. पण वर्गणी देणाऱ्याने मागाहून येऊन 'तुम्ही आम्हांला काय शिकवले' असे विचारणे कलमाने येत नाही.

२०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था काढण्याची योजना आणली. तिच्यात प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापनखर्चासाठी तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत, आणि तिला घडवणाऱ्या मदतनीस संस्थेसाठी पाच वर्षांत पंचवीस लाखांपर्यंत तरतूद आहे. भागभांडवलाला जोड म्हणून सभासदामागे दोन हजारांपर्यंत निराळे. योजना आखणाऱ्यांनी सुईणीची मजुरी विसरली नाही, ही समाधानाची गोष्ट. आणि सभासदाने जितके घालावे तितकेच सरकारने घालावे, ही अट आम्हांला त्यातली सर्वांत शहाणी अट वाटते. पण तीन वर्षांनी चिटणीसाचा पगार कोठून येणार, हा प्रश्न पहिल्याच वर्षी सभेपुढे ठेवणाऱ्या संस्था आम्ही फार थोड्या पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी तो प्रश्न चिटणीसाने घरी नेलेला असतो.

पुन्हा आयर्लंडकडे वळू. १९०८ नंतर संघटन संस्थेने संलग्न संस्थांपुढे झोळी पसरली. काही मिळाले, पुरेसे नाही. देणगीदारांनी तगवले. १९०९ साली लंडनच्या पार्लमेंटने विकासनिधीचा कायदा केला आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांना सहकाराच्या संघटनेसाठी मदत देण्याची वाट त्यात ठेवली. संस्थेने अर्ज केला. कायद्याप्रमाणे तो अभिप्रायासाठी आयर्लंडच्या शेतकी खात्याकडे गेला, म्हणजे टी. डब्ल्यू. रसेलकडे! खात्याने विरोध केला, व्यापाऱ्यांनी विरोध केला, डिलनने विरोध केला. अर्जाचे हे घोंगडे १९१३ पर्यंत भिजत पडले, आणि मग कोठे अनुदान मंजूर झाले. राजकारणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही अशी अट होती. दिलेल्या पैशाला जो लगाम असतो तो हाच. आम्हांला वाटते, येथे संघटन संस्थेने जे पत्करले ते डोळे उघडे ठेवून पत्करले. ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच हातून पैसा घेण्यापेक्षा लांबच्या आणि काहीशा तटस्थ मंडळाकडून घेणे तिने पसंत केले.

लगामाची गोष्ट निघाली म्हणून त्याच १९१३ सालातील दुसरी हकीकत सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. डब्लिनच्या मालकांनी जिम लार्किनच्या युनियनमधील कामगारांना ऑगस्टपासून कामाबाहेर काढले. हजारो कुटुंबे उपाशी राहिली. सप्टेंबरअखेर इंग्लंडच्या ट्रेड युनियन काँग्रेसने 'हेअर' नावाचे जहाज भरून शिधा पाठवला. तो शिधा बांधून दिला होता मँचेस्टरच्या त्याच घाऊक सहकारी संस्थेने, जिच्या क्रीमऱ्यांशी आयरिश शेतकरी भांडत होते. ऑक्टोबरच्या ७ तारखेला कवी रसेलने डब्लिनच्या मालकांना उद्देशून वर्तमानपत्रात अनावृत पत्र लिहिले आणि त्यांच्या निष्ठुरपणाचे वाभाडे काढले. शेतकऱ्यांच्या संस्थेचा मुखत्यार कामगारांसाठी असा उघड उभा राहिला, हे आम्ही विसरू शकत नाही. त्याच्या संस्थेचे अनुदान नुकतेच मिळत होते, आणि अट राजकारण न करण्याची होती! पण डब्लिनच्या कामगारांना जो पैसा इंग्लंडहून येत होता त्याचा नळही इंग्लंडातच होता. ९ डिसेंबरला लंडनच्या खास परिषदेने सहानुभूतीचा संप नाकारला, मदत आटत गेली, आणि नव्या वर्षी कामगार एकेक करून कामावर परतले. जहाज आले नसते तर ते ऑक्टोबरातच परतले असते. म्हणून मदत घेतली हे चुकले असे आम्ही म्हणत नाही. घरचा संपनिधी इतका तुटपुंजा होता की नळ कधी बंद होईल हे दुसऱ्यांनी ठरवले, एवढेच.

सहकारी क्रीमऱ्यांवर याहून मोठी आपत्ती १९२० साली आली. स्वातंत्र्ययुद्धात सरकारी फौजा व पोलीस यांनी सूड म्हणून गावे जाळली, आणि त्यात क्रीमऱ्या हेरून जाळल्या. चाळीसहून अधिक क्रीमऱ्या जळाल्या किंवा मोडल्या. एक घर जाळले तर एक कुटुंब उघड्यावर पडते. क्रीमरी जाळली की दहा गावांचे दूध वाया जाते, हे जाळणाऱ्यांना ठाऊक होते. ज्या चळवळीला होमरूलवाले साम्राज्याचे हस्तक म्हणत होते तिच्याच इमारती साम्राज्याने जाळल्या. १९२३ च्या जानेवारीत यादवी युद्धात दुसऱ्या बाजूच्या बंडखोरांनी प्लंकेटचे फॉक्सरॉकचे घर पेटवून दिले, तेव्हा तो परदेशी होता. त्यानंतर तो इंग्लंडातच राहिला आणि १९३२ साली तेथेच वारला. १९१९ साली त्याने स्वतःचा पैसा घालून सहकाराच्या अभ्यासासाठी एक न्यासही करून ठेवला होता.

स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने संघटन संस्थेचे अनुदान चालू ठेवले. देश दोन झाला तशी उत्तरेकडे निराळी संस्था निघाली. वर्गणीची तक्रार दोन्हीकडे चालूच राहिली. १९७९ साली डब्लिनच्या संस्थेने आपल्या लांबलचक नावात बदल करून त्यात सहकार हा शब्द आणला, जो पंच्याऐंशी वर्षे तिच्या नावात नव्हता. तोवर लहान क्रीमऱ्या एकमेकींत मिसळून मोठ्या होत चालल्या होत्या, आणि पुढे त्यांतल्या काहींचे भाग शेअरबाजारातही गेले; ती कथा निराळी आणि आमच्या मते फारशी आनंदाची नाही. डंग्लोचे गॅलाघरचे दुकान मात्र 'द कोप' या नावाने अजून चालू आहे.